विद्यार्थ्याची आवड आणि नावड

काही महिन्यांपूर्वी जबलपूरच्या कांचघर वस्तीत राहणाऱ्या एका तरुणाने श्री. भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' ही कादंबरी प्रस्तुत लेखकास वाचून परत आणून दिली. हा तरुण पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरची भाषा मराठी, बाजाराची हिंदी आणि पाठ्यपुस्तकांची काही हिंदी, काही इंग्रजी. त्यामुळे मराठी पुस्तक त्याला अंमळ सावकाशच वाचावे लागते. पुस्तक आवडले काय, असे विचारता 'आवडले' म्हणाला, आणि मग थोडे थांबून त्याने विचारले, "पण काका, याला कॉलेज नकोसे झाले तेव्हा परत जायला सांगवी होती. ज्याला परत जायला गावच नाही, त्याने काय करायचे?"

हा प्रश्न साहित्यबाह्य आहे, असे म्हणून तो बाजूस सारणे सोपे आहे. कादंबरीतील नायकाने काय करावे अथवा वाचकाने काय करावे हे सांगणे टीकेचे काम नव्हे, हे आपण पुष्कळ वादांनंतर मान्य केलेले तत्त्व आहे. तथापि या प्रश्नात एक वाङ्मयीन प्रश्नही दडलेला आहे, आणि तो आपल्या टीकेने पुरेसा विचारलेला नाही. विद्यार्थ्याला विद्यापीठातील काय आवडते व काय आवडत नाही, ही वरकरणी क्षुल्लक, वयपरत्वे बदलणारी गोष्ट वाटते. परंतु ती साहित्यात उतरते तेव्हा ती निव्वळ रुची राहत नाही. एका संस्थेविषयी एका व्यक्तीने दिलेला तो निर्णय होतो. निर्णय म्हटला की तो कोठे उभे राहून दिला आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे विचारणे ओघानेच येते. मराठी टीकेने गेल्या सहा दशकांत विद्यार्थ्याच्या नावडीला आधुनिक संवेदनेचे लक्षण मानून तिचा मोठा गौरव केला. आवडीकडे मात्र भाबडेपणा अथवा फार तर सामाजिक दस्तऐवज म्हणून पाहिले. ही वाटणी न्याय्य नाही, आणि ज्या कृतीच्या आधारावर ती केली जाते त्या कृतीलाही ती न्याय देत नाही, असे येथे मांडावयाचे आहे.

'कोसला' १९६३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यापूर्वी मराठी कादंबरीत महाविद्यालय नव्हते असे नाही, किंबहुना ना. सी. फडके यांच्या पिढीने महाविद्यालयीन तरुण-तरुणींना कादंबरीच्या केंद्रस्थानी आणून बसविले. परंतु त्या कादंबऱ्यांत महाविद्यालय ही नायक-नायिकांच्या भेटीची सोयीस्कर जागा होती. तेथे विद्यार्थी टेनिस खेळे, संमेलनात बोले, प्रेमात पडे. तो शिकतो काय, आणि शिकताना त्याला काय होते, याचा पत्ता लागत नसे. विद्यापीठ आवडण्याचा वा न आवडण्याचा प्रश्नच तेथे उद्भवत नाही, कारण पडद्यावर रंगविलेल्या बागेविषयी कोणी आवडनिवड बाळगत नाही. नेमाडे यांनी हा पडदा काढून घेतला. खानदेशातील सांगवीहून पुण्यास आलेला त्यांचा पांडुरंग सांगवीकर वसतिगृहाच्या खोलीत राहतो, खानावळीत जेवतो, पैशांचे हिशेब चुकवितो, परीक्षेत नापास होतो. महाविद्यालयीन जीवन म्हणजे मुख्यत्वे खोली, जेवण, पैसे, मित्र आणि रिकामा वेळ असते, ही साधी गोष्ट मराठी कादंबरीस प्रथमच एवढ्या तपशिलाने ठाऊक झाली.

या कादंबरीविषयी लिहिताना सांगवीकराच्या तुटलेपणावर एवढा भर दिला जातो की तिचा पूर्वार्ध आपण विसरतो. पांडुरंग पुण्यास येतो तो नावड घेऊन नव्हे. त्याला चमकावयाचे असते. तो महाविद्यालयातील व वसतिगृहातील निरनिराळी कामे उत्साहाने अंगावर घेतो, वक्तृत्व, नाटक, व्यवस्था या साऱ्यांत पुढे होतो, मित्रांवर विश्वास टाकतो. वर्ष संपते तेव्हा या उत्साहाचा फायदा इतरांनी घेतलेला असतो, अभ्यास बुडालेला असतो आणि वडिलांच्या मनात पैशांविषयी संशय उभा राहिलेला असतो. म्हणजे या नायकाची नावड ही उपजत वृत्ती नाही. ती फसलेल्या आवडीचा परिणाम आहे. नेमाडे यांचे सामर्थ्य येथे आहे. त्यांनी नावडीचा इतिहास दिला आहे. कादंबरीच्या उत्तरार्धातील उपरोध आपणास कृत्रिम वाटत नाही, याचे कारण त्या उपरोधाखाली एक भोळा, सर्वांना खूष करू पाहणारा पहिल्या वर्षाचा मुलगा अजून जिवंत आहे.

तिच्या भाषेतही हीच गोष्ट दिसते. 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' हे सांगवीकराचे लाडके शब्द सर्वांच्या परिचयाचे झाले आहेत. त्यांकडे बहुधा बोलीचा जिवंतपणा किंवा तिरकसपणा म्हणून पाहिले जाते. परंतु हे शब्द गावाकडचे नव्हेत. ते वर्गातले आहेत. व्याख्याता उदाहरण देण्यासाठी 'उदाहरणार्थ' म्हणतो आणि घंटा होऊ लागली की 'वगैरे' म्हणून विषय आटोपतो. विद्यार्थी वहीत दोन्ही उतरवून घेतो. सांगवीकराने विद्यापीठाकडून ज्ञान घेतले नसेल, पण त्याच्या गद्याचे हे दोन खिळे त्याने तेथूनच उचलले आहेत. ज्या संस्थेचा तो उपहास करतो तिच्याच वाक्यरचनेत तो आपल्या बहिणीच्या मृत्यूपर्यंत पोहोचतो. धाकटी मनी जाते तेव्हा मात्र ही उसनी शैली त्याला पुरत नाही, आणि ती न पुरणे हाच त्या प्रकरणाचा अनुभव होतो. विद्यापीठाने जे शिकविले ते दुःखाच्या प्रसंगी कामास आले नाही, ही या कादंबरीतील खरी नावड आहे. प्राध्यापकांच्या लकबींची टिंगल ही तिची केवळ बाहेरची साल होय.

आता कांचघरातील तरुणाच्या प्रश्नाकडे वळता येईल. सांगवीकराच्या नावडीला एक आधार आहे आणि तो कादंबरी लपवीत नाही. वडिलांचा पैसा आहे, शेती आहे, घर आहे. वडिलांशी त्याचे भांडण आहे, पण ते भांडण त्यांच्याच मनीऑर्डरीवर चालते, याची जाणीव नायकाला नसली तरी लेखकाला आहे. शेवटी तो सांगवीला परततो आणि तेथील रिकाम्या तरुणांत मिसळतो. हा पराभव आहे; परंतु ज्याच्या नावे सातबारा आहे त्याचा तो पराभव आहे. 'कोसला' ही श्रेष्ठ कादंबरी आहे ती एवढ्यासाठी की आपल्या नायकाचा तिरस्कार कोणत्या जमिनीवर उभा आहे हे ती दाखविते. तिच्या मागून आलेल्या ज्या कथा-कादंबऱ्यांनी तिरस्कार तेवढा उचलला आणि जमीन टाकून दिली, त्या आज वाचवत नाहीत. त्यांतील तरुणास सर्वच नकोसे झालेले असते, पण त्याला काही हवेसे कधी वाटले होते याचा पुरावा नसतो. टीकेने मात्र दोहोंस एकच शब्द लावला, 'परात्मता', आणि त्या शब्दाखाली फरक पुसून टाकला.

ज्याला परत जायला गाव नाही, त्याचे काय? मराठीत याचे उत्तर ज्यांनी लिहिले ते लेखक 'कोसला'च्या परंपरेत सहसा वाचले जात नाहीत. प्रा. प्र. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी' १९७९ मध्ये प्रसिद्ध झाले. आईबापांवेगळा झालेला, बहिणीच्या आश्रयाने वाढणारा एक दलित मुलगा शाळा धरून ठेवतो, ही त्याची कथा. येथे गाव आहे, पण ते परतण्याचे ठिकाण नाही. ज्याच्यापासून निसटावयाचे आहे ते ते ठिकाण आहे. या पुस्तकातील भूक ही रूपक म्हणून येत नाही. ती रोजची गोष्ट म्हणून येते, आणि अभ्यास हीही तिच्याच शेजारी असलेली रोजची गोष्ट असते. अशा मुलाला पुस्तक, वर्ग, वसतिगृहातील जागा यांविषयी जे वाटते त्यास 'आवड' हा शब्द अपुरा आहे. तरी दुसरा शब्द नाही म्हणून तोच वापरावा लागतो. सोनकांबळे यांचे वैशिष्ट्य असे की त्यांनी ही आवड कृतज्ञतेच्या भाषणात बुडू दिली नाही. ते लहान लहान प्रसंग सांगतात, निष्कर्ष काढीत नाहीत, आणि आपल्या अपमानाचा हिशेबही हलक्या आवाजात मांडतात. वाचकास गहिवर आणण्याची संधी पावलोपावली असता तिचा मोह टाळणे, यास कलात्मक संयम म्हणतात. तो नागर लेखकाने दाखविला तर आपण तो तत्काळ ओळखतो, येथे मात्र 'साधे, सरळ निवेदन' असा शेरा मारून मोकळे होतो.

या पुस्तकामागे एक संस्था उभी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि तिच्या वतीने १९५० मध्ये त्या वेळच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय सुरू केले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले जाऊ लागले. दलित साहित्याच्या अनेक लेखकांचा, समीक्षकांचा आणि 'अस्मितादर्श'सारख्या नियतकालिकाचा या परिसराशी निकटचा संबंध राहिला. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात एखाद्या महाविद्यालयाने एका साहित्यप्रवाहास अशी भूमी दिल्याची उदाहरणे विरळ आहेत. फर्ग्युसनने मराठीस लेखक दिले, परंतु तेथे शिकलेल्या लेखकास महाविद्यालय हे आपले आहे की नाही, हा प्रश्न पडण्याचे कारण नव्हते. मिलिंदच्या विद्यार्थ्यास तो प्रश्न रोज पडत होता, आणि त्याचे होकारार्थी उत्तर हेच त्याच्या लेखनाचे पहिले वाक्य होते.

ही आवड किती गंभीर होती, याचा पुरावा साहित्याबाहेरही आहे. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठास डॉ. आंबेडकर यांचे नाव द्यावे, असा ठराव महाराष्ट्राच्या विधिमंडळाने जुलै १९७८ मध्ये केला. त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जळाली, माणसे मेली. आणि १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार होईपर्यंत सोळा वर्षे हा लढा चालला. विद्यापीठ आपले आहे असे म्हणता यावे एवढ्यासाठी ज्यांनी ही किंमत मोजली, त्यांच्या आवडीस भाबडी म्हणण्याचा अधिकार कोणत्या रसिकास आहे? आणि विद्यापीठ नकोसे होण्याची ऐट ज्यास परवडते, त्याची नावड तेवढीच आधुनिक का मानावयाची? 'आठवणींचे पक्षी' आणि 'कोसला' ही पुस्तके एकमेकांशेजारी ठेवून वाचली, तर दोहोंचेही मोल वाढते. एक संस्थेच्या आत शिरण्याचा इतिहास सांगते, दुसरे संस्थेच्या आत राहूनही बाहेर राहण्याचा. यांपैकी कोणता अनुभव अधिक खोल, हा प्रश्न निरर्थक आहे. कोणत्या लेखकाने आपला अनुभव कोठवर तपासला, हा प्रश्न मात्र अर्थपूर्ण आहे.

स्त्रीविद्यार्थ्यांच्या बाबतीत हा विचार आणखी एका बाजूने पाहावा लागतो. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे महिला विद्यापीठ १९१६ मध्ये सुरू झाले, आणि त्यांच्याच संस्थेत शिकलेल्या मालती बेडेकर यांनी 'विभावरी शिरूरकर' या टोपणनावाने १९३३ मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह प्रसिद्ध केला. त्यातील मुली शिकल्या आहेत, मिळवत्या आहेत, आणि घर त्यांच्या मिळकतीस इतके सरावले आहे की त्यांचे लग्न, त्यांचे मन, त्यांचे शरीर यांचा विचार करण्यास कोणास सवड नाही. शिक्षणाविषयी या मुलींची तक्रार नाही. तक्रार आहे ती शिक्षण संपल्यावर जग तसेच उरले याविषयी. आवड खरी होती आणि तिचे फळ कडू निघाले, ही अवस्था आवड-नावड या दोन खणांत बसत नाही. पुस्तकावर त्या काळी जो गहजब उठला तो त्यातील धीटपणाबद्दल. परंतु विद्यापीठाने दिलेली पदवी आणि समाजाने नाकारलेले माणूसपण यांतील अंतर मोजणारे ते मराठीतील अगदी आरंभीचे कथात्म लेखन आहे, ही बाजू त्या गोंगाटात झाकली गेली.

हे सर्व विवेचन महाराष्ट्राच्या आतले झाले. प्रश्न विचारणारा तरुण मात्र जबलपूरचा आहे, आणि त्याच्या प्रश्नात भाषेचाही एक पदर आहे. या शहरातील विद्यार्थ्याचे विद्यापीठ एका पिढीच्या आयुष्यात पुनःपुन्हा बदलले. १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडाची राजधानी नागपूर होती आणि जबलपूरच्या मराठी कुटुंबास विद्येचे केंद्र व आपल्या भाषेचे शहर ही एकाच दिशेस दिसत होती. १९४६ मध्ये सागर विद्यापीठ निघाले, १९५६ मध्ये जबलपूरचे स्वतःचे विद्यापीठ झाले, आणि त्याच वर्षी राज्यपुनर्रचनेने विदर्भ मुंबई राज्यात गेला व जबलपूर मध्यप्रदेशात राहिले. १९८३ पासून राणी दुर्गावती यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या विद्यापीठाच्या विद्यार्थ्याने मराठीत विद्यार्थिजीवनाविषयी लिहावयाचे ठरविले, तर त्याचे वर्ग, त्याचे विनोद, त्याची भांडणे हिंदीत घडलेली असतात. त्याला प्रत्येक आवड आणि प्रत्येक नावड आधी मनात भाषांतरित करावी लागते. सांगवीकरास निदान 'उदाहरणार्थ, वगैरे' उसने घेता आले. या तरुणास उसने घेण्याचे ठिकाणही दुसऱ्या भाषेत आहे.

या अडचणीचे दोन मार्ग एका घरातील दोन भावांनी काढलेले आपण पाहिले आहेत. माळव्यात वाढलेल्या मराठीभाषी मुक्तिबोध बंधूंपैकी शरच्चंद्र मराठीत राहिले. 'क्षिप्रा' (१९५४) या कादंबरीपासून आरंभ झालेल्या आपल्या कादंबरीत्रयीत त्यांनी महाराष्ट्राबाहेरील मराठी घरातल्या एका तरुणाची घडण मराठीतच मांडली, आणि पुढे 'सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य' या समीक्षाग्रंथासाठी त्यांना १९७९ चा साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला. वडील बंधू गजानन माधव मुक्तिबोध हिंदीत गेले. १९४० नंतरच्या दशकात काही काळ ते जबलपुरातच होते. शेवटची वर्षे त्यांनी राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात अध्यापन केले. त्यांची 'ब्रह्मराक्षस का शिष्य' ही कथा आपल्या विषयाच्या अगदी गाभ्याशी येते. एक शिष्य ओसाड वाड्यात राहणाऱ्या गुरूपाशी बारा वर्षे शिकतो, आणि अध्ययन पुरे झाल्यावर त्यास कळते की गुरू ब्रह्मराक्षस आहे. योग्य शिष्यास आपले ज्ञान न दिल्यामुळे तो या योनीत अडकून पडला होता. तो मुक्त होतो आणि तेच ऋण शिष्याच्या माथी येते.

या कथेत विद्यार्थ्याच्या आवडीनिवडीचा हिशेब उलट बाजूने मांडला आहे. विद्यार्थ्याला शिक्षक आवडतो की नाही, हे आपण विचारतो. न दिलेल्या विद्येने शिक्षकाचे काय होते, हे मुक्तिबोध विचारतात. ज्या लेखकाने विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या 'भारत: इतिहास और संस्कृति' या पुस्तकावर १९६२ मध्ये मध्यप्रदेश शासनाने बंदी घातली, त्याच्या लेखी हा प्रश्न कल्पनेतला नव्हता. हिंदीने मुक्तिबोधांना आपले मानले हे योग्यच झाले. परंतु मराठी टीकेने 'कोसला'तील वर्गासमोर ही कथा कधीतरी ठेवून पाहावयास हवी होती. सांगवीकराच्या प्राध्यापकांकडे देण्यासारखे काही होते काय, आणि असल्यास ते का दिले गेले नाही, हा 'कोसला'तून सुटलेला प्रश्न आहे. त्या कादंबरीची तीच एक मर्यादा आहे: तिला विद्यापीठ दिसते ते विद्यार्थ्याच्या खोलीतून, शिक्षकाच्या खोलीचे दार ती उघडीत नाही.

तेव्हा कसोटी अशी असावी. विद्यार्थिजीवनावरील लेखनाचे मूल्य त्यात आवड आहे की नावड, यावर ठरत नाही. त्या भावनेची मुळे लेखकाने कोठवर खणली, तिचा खर्च कोणाच्या खाती पडला हे त्याने पाहिले काय, आणि ज्या भाषेत ती भावना जन्मली त्या भाषेशी तो प्रामाणिक राहिला काय, यावर ते ठरते. या कसोटीस 'कोसला' उतरते, 'आठवणींचे पक्षी' उतरते, 'कळ्यांचे निःश्वास'मधील उत्तम कथा उतरतात. नुसता कंटाळा उतरत नाही. नुसती कृतज्ञताही नाही.

कांचघरातील त्या तरुणास प्रस्तुत लेखकाने उत्तर दिले नाही. त्याला सोनकांबळे यांचे पुस्तक दिले. त्यास ते सावकाश वाचावे लागेल. परत करावयास येईल तेव्हा त्याने आपल्या महाविद्यालयात काय आवडते आणि काय आवडत नाही हे दोन पाने लिहून आणावे, आणि ते मराठीत लिहावे, एवढी अट मात्र घातली आहे. तो म्हणाला, "हिंदी शब्द आले तर चालतील ना, काका?" चालतील, असे त्याला सांगितले आहे.